न झालेली दुसरी फेरी

लीड्स
मंगळवार, २८ ऑक्टोबर २००८

आदरणीय यादवरावकाका,
सप्रेम जयभीम.

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवार, १२ ऑक्टोबरला लीड्सच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आपल्या अभ्यास मंडळाची जाहीर चर्चा झाली. वेळ दुपारी दोन ते पाच. हजर एकतीस. तुम्ही आणि लताकाकू पिनरहून आला होता, तुमचा अनिश एडिनबराहून.

२. सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांमधल्या दुसऱ्या डिबेटचं रेकॉर्डिंग दाखवलं. फक्त अर्थकारणाचा भाग, चाळीस मिनिटं.

३. चर्चेचा विषय: बुडणाऱ्या बँका सरकारने वाचवाव्यात का. वक्ते सहा.

४. मंडळाच्या नियमाप्रमाणे पहिली फेरी चिठ्ठीची. चिठ्ठीवर जी बाजू असेल ती आपलीच असल्यासारखी मांडायची. आपलं खरं मत दुसऱ्या फेरीत.

५. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर "वाचवू नयेत" असं होतं. मी सहा मिनिटं बोलले.

६. काही वक्ते लांबल्याने पहिली फेरी चार वाजून पन्नास मिनिटांनी संपली. पाचला हॉल रिकामा करायचा होता. दुसरी फेरी झाली नाही.

७. तुम्ही संपादित करता त्या बुलेटिनच्या ऑक्टोबर अंकात, पान दोनवर, असं छापलं आहे: "कु. रचना रामटेके यांनी बँका बुडू द्याव्यात, कर्मचाऱ्यांची चिंता करू नये असे मत मांडले."

८. त्याच अंकात ३० नोव्हेंबरच्या लंडनच्या परिसंवादातल्या वक्त्यांची यादी आहे. सप्टेंबरच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. या यादीत नाही.

सात आणि आठ यांचा संबंध आहे का, हे तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. मी तो आहे असं धरते.

बाबासाहेबांनी चलनाबद्दल जे मांडलं त्यावर मी लंडनला बोलणार होते. जुलैपासून तयारी केली आहे. हॉस्पिटलमधली ड्यूटी बदलून घेतली आहे. पण मुद्दा तेवढाच नाही. मागच्या रविवारी मिलिंददादांकडे मंडळातल्या दोघांनी मला "या, बँका बुडवणाऱ्या" अशी हाक मारली. एकाने गमतीने, एकाने नाही. जे मत मी दिलेलंच नाही ते माझ्या नावावर चाललं आहे.

माझ्या मागण्या दोन. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. यादीत माझं नाव परत यावं.

लताकाकूंना नमस्कार.

तुमची,
रचना

* * *

पिनर
शनिवार, १ नोव्हेंबर २००८

चि. रचना,
जयभीम.

तुझं पत्र उघडलं तेव्हा वाटलं, कौन्सिलची नोटीस आली. आकडे घालून काकाला पत्र लिहिणारी तू पहिलीच. तुझे बाबा नागपूरहून लिहितात तेव्हा निदान खुशाली विचारतात. तू विचारली नाहीस तरी सांगतो: मी बरा आहे, लताचा गुडघा बरा नाही.

नियम मला शिकवू नकोस. चिठ्ठीचा नियम मी केला आहे. १९७६ साल होतं, साउथॉलमधली एक खोली, आम्ही सात जण आणि सातही जण एकाच वेळी ओरडणारे. मी म्हटलं, आधी समोरच्याची बाजू मांडून दाखवा, मग स्वतःची. तेव्हापासून मंडळ टिकलं. पोस्टात पस्तीस वर्षं काढली, पण माझ्या हातून काही उभं राहिलं असेल तर ते हे मंडळ.

म्हणून नीट ऐक. चिठ्ठी बाजू देते, शब्द देत नाही. बँका वाचवू नयेत, एवढं चिठ्ठीवर होतं. पण तू पुढे म्हणालीस: "ज्याच्यात गुण आहे त्याला दुसरीकडे काम मिळेल. ज्याला मिळणार नाही, तो मुळात त्या खुर्चीच्या लायक नव्हता." हे कुठल्या चिठ्ठीवर होतं?

लायक नव्हता! हा शब्द मी कामठीच्या शाळेत ऐकला. नोकरीच्या मुलाखतीत, टेबलापलीकडच्या माणसाने माझं आडनाव वाचल्यावर ऐकला. तुझ्या बाबांनीही ऐकला आहे, विचार त्यांना. आणि आपल्या हॉलमध्ये, आपल्या माणसांसमोर, आपल्याच मुलीने तो इतक्या शांतपणे म्हटला, की मागच्या रांगेतली दोन नवी पोरं माना डोलवायला लागली. माझ्या शेजारी अनिश बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तर बँकेतच काम करतो.

बोलायचं कसं ते त्याच्याकडून शीक. त्याच्याकडे "वाचवाव्यात" आलं, जे त्याच्या मनातलंच होतं. दोनच मिनिटं बोलला, पण कोणाला दुखावून नाही.

तू हुशार आहेस, हे तुला हीथ्रोवर घ्यायला आलो त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आलो. म्हणूनच राग जास्त आहे. सहा महिने व्यासपीठापासून दूर राहा. मग बघू.

तुझा,
यादवरावकाका

* * *

लीड्स
मंगळवार, ४ नोव्हेंबर २००८

आदरणीय यादवरावकाका,
सप्रेम जयभीम.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? हे मी आधी विचारायला हवं होतं.

तुमच्या पत्रातला मुद्दा बरोबर आहे. चिठ्ठी बाजू देते, शब्द देत नाही. मी त्याचा विचार केला नव्हता.

तरी तीन गोष्टी.

त्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही उमेदवार करांवरून भांडत होते, पण बँकांना मदत द्यावी यावर दोघांचं एकमत होतं. आपल्या सरकारनेही त्याच आठवड्यात मदत जाहीर केली. म्हणजे "वाचवू नयेत" ही बाजू त्या हॉलमध्ये कोणीच मनापासून मांडणार नव्हतं. ती दुबळी मांडली असती तर आपण सगळे खूश होऊन घरी गेलो असतो आणि काहीच तपासलं नसतं. तुमचा नियम त्यासाठीच आहे, असं मला वाटत होतं.

दुसरी गोष्ट. ते वाक्य चिठ्ठीवर नव्हतं, हे खरं. ते मी तयार केलेलं नाही, हेही खरं. कोणाचं आहे ते मी सांगणार नाही. "सांगता येत नाही" असं लिहिलं असतं तर सभ्य दिसलं असतं. पण सांगता येतं. मी सांगणार नाही.

तिसरी. तुम्ही माझ्या बोलण्यावर चिडला असाल तर बुलेटिनमध्ये तसं लिहा: "रचनाने चिठ्ठीची बाजू मांडली आणि संपादकांना तिचे शब्द क्रूर वाटले." ते मी मान्य करीन. पण "मत मांडले" हे चूक आहे, आणि तुम्हाला राग आला म्हणून ते बरोबर होत नाही.

माझं काम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी मी किरणोपचाराच्या यंत्राची मात्रा मोजते. दोन टक्क्यांहून जास्त फरक आला तर यंत्र बंद ठेवते. रांगेत कोण बसलंय, कोण रागावेल, हे त्या वेळी बघत नाही. हा माझा स्वभाव कामामुळे झाला की स्वभावामुळे हे काम घेतलं, ते मला माहीत नाही.

आज अमेरिकेत मतदान आहे. हॉस्पिटलच्या कँटीनमध्येसुद्धा दुसरा विषय नाही.

दोन्ही मागण्या कायम आहेत.

तुमची,
रचना

* * *

पिनर
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

चि. रचना,
जयभीम.

"मी सांगणार नाही." ही कोणती भाषा गं? तुझ्या बाबांसमोर हे वाक्य बोलून दाखव.

तिकडचा निकाल ऐकून बुधवारी लताने शेजारच्या बाईंना बर्फी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "तुम्ही भारतातले, निवडणूक अमेरिकेतली, मग बर्फी कशाची?" लता म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार, आधी खा." मी दिवसभर टीव्हीसमोरून उठलो नाही. काळा माणूस तिकडे अध्यक्ष होईल असं मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. अशा आठवड्यात तुझ्याशी भांडायची इच्छा नव्हती. पण तू सोडत नाहीस.

ऐक. वाक्य दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव सांग. सांगत नाहीस, म्हणजे ते तुझं. मंडळात इतकी वर्षं असंच चालत आलं आहे: ज्याने उच्चारलं, त्याने पत्करलं. दुरुस्ती छापणार नाही.

आणि ३० तारखेच्या यादीतली तुझी जागा भरली आहे. अनिशचं नाव घातलं. बँकेतला माणूस आहे, आत काय चाललंय ते सगळ्यांना नीट सांगेल. तो सध्या इथेच आहे, दहा दिवसांची सुट्टी काढून आला. या धामधुमीत त्याच्या बँकेने एवढी सुट्टी दिली म्हणजे साहेबांचा त्याच्यावर विश्वास असणार. त्याला यादी दाखवली, तर म्हणाला, "बाबा, मी नको." मी म्हटलं, लाजतोस काय, चौतीस वर्षांचा घोडा झालास.

राग मनात ठेवू नकोस. नाताळात ये.

तुझा,
यादवरावकाका

ता. क. रचना, हे मी काकांच्या पत्राखाली लिहिते आहे, त्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून. त्यांचं काही मनावर घेऊ नको, ते तापतात आणि निवतात. जवसाची चटणी केली आहे, तुझ्यासाठी बाटली भरून ठेवली. दुसरं असं की अनिश नीट जेवत नाही. सकाळी तयार होतो, टाय लावतो आणि मग टाय काढून वर जाऊन बसतो. सुट्टीत टाय कशाला? तू आणि तो बोलता. तुला काही माहीत आहे का? असेल तर मला कळव. लताकाकू

* * *

पिनर
रविवार, १६ नोव्हेंबर २००८

चि. रचना,
जयभीम.

सोबत अनिशच्या पत्राची प्रत पाठवतो आहे. त्याला विचारूनच पाठवतो. त्याने ते मला गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आला, मी वाचून होईपर्यंत. घरात समोरासमोर बसलेल्या मुलाने बापाला पत्र लिहावं, यात माझं काय चुकलं ते मी चार दिवस शोधतो आहे.

आधी ते वाच.

"प्रिय बाबा,

मी हे मराठीत लिहितो. तुम्ही संडे क्लासमध्ये शिकवला तेवढा येतो. चुका होईल.

माझा नोकरी जाणार. दहा ऑक्टोबर, शुक्रवारला मॅनेजरने आम्हाला रूममध्ये बोलावला. आमचा सगळा टीम बंद होणार, ख्रिसमसच्या आधी. मॅनेजरने सांगितला: गुड असतील त्यांना दुसरी जागा मिळेल, ज्यांना नाही मिळणार ते मे बी ह्या खुर्चीसाठी राइट नव्हतेच. तो हसून बोलला. मी घरी जाऊन तोच वाक्य ऐकत बसलो.

रविवारी लीड्समध्ये मी चिठ्ठी काढली. माझ्यावर 'वाचवू नयेत' आली. मी तुमच्यासमोर, दोन दिवसांनी, उभा राहून कसा बोलणार? मी चहाच्या टेबलजवळ रचनाला सगळं सांगितला आणि चिठ्ठी बदल म्हणालो. ती म्हणाली, नियमात नाही. मी म्हणालो, प्लीज. तिने बदलली. मी सांगितला, बाबांना आणि आईला सांगू नको. ती म्हणाली, ओके.

मग ती बोलली आणि त्यात मॅनेजरचा वाक्य होता. मला राग आला. पण बाबा, तिने ती बाजू एवढी चांगली मांडली की मला पहिल्यांदा कळला त्यात काय खोटं आहे. तुमच्याजवळ बसून मी मनात उत्तर देत होतो. सगळी उत्तर आले. पण दुसरी फेरी नाही झाली.

तुम्ही यादीत माझा नाव लिहिला ते मी रचनाला ईमेलने सांगितला. तिने बुधवारी फोन केली. म्हणाली, तू सांगायचं की नाही ते तुझं. मी काकांना काही सांगणार नाही. पण काकूंनी मला सरळ विचारलं आहे, आणि त्यांना मी खोटं लिहिणार नाही. म्हणून उत्तरच दिलेलं नाही.

मला लाज वाटत नाही बाबा. वाटत होती. तुम्ही सगळ्यांना 'माझा मुलगा बँकेत' सांगता, म्हणून वाटत होती.

अनिश"

तर असं आहे.

मी तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. पाचव्या मुद्द्यात "माझ्या हातातल्या चिठ्ठीवर" असं लिहिलं आहेस. "मला आलेल्या" असं नाही. मी तीनदा वाचलं होतं आणि तीनदा फक्त माझा राग वाचला.

अनिशला काय म्हणालो ते विचारू नकोस. चटणी-भाकरी त्याच्यापुढे ठेवली, तो जेवला. लता रडली, मग माझ्यावर ओरडली, मग पुन्हा रडली.

आता एक विनंती. तुझं नाव यादीत परत घालतो, पहिलं घालतो. अनिशचं काढतो. पण दुरुस्ती राहू दे. दुरुस्ती छापली की लोक विचारणार, वाक्य कोणाचं, चिठ्ठी कोणाची. चिठ्ठ्या बदलल्या हे उघड झालं तर मंडळाचा नियमही गेला आणि पोराची नोकरीही चव्हाट्यावर आली. तू पाच आठवडे गप्प राहिलीस. आणखी थोडी राहा. लोक विसरतात.

तुझा,
यादवरावकाका

* * *

लीड्स
बुधवार, १९ नोव्हेंबर २००८

आदरणीय यादवरावकाका,
सप्रेम जयभीम.

सोबत लताकाकूंसाठी वेगळं पत्र आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी वेळेवर दिलं नाही, म्हणून माफी मागितली आहे.

तुमचं पत्र मी काल कामावरून आल्यावर वाचलं. आज पुन्हा वाचलं. मी गप्प राहणार नाही.

आधी माझ्या चुका. चिठ्ठी बदलणं नियमाबाहेर होतं, ते मला माहीत होतं आणि मी बदलली. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. दुसरी चूक मोठी आहे. अनिशने ते वाक्य मला विश्वासाने सांगितलं होतं. वीस मिनिटांनी मी ते माइकवर वापरलं, कारण त्या बाजूकडे त्याहून धारदार दुसरं काही नव्हतं. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे हे मला दिसत होतं. बोलताना मला वाटलं, मुद्दा बरोबर लागला. खाली बसल्यावर त्याचा चेहरा पाहिला. गेले तीन आठवडे मी तुमच्याकडे न्याय मागत होते आणि त्याच्याकडे एकदाही माफी मागितली नव्हती. गेल्या बुधवारी फोनवर मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं, नाही. पण पुढे बोल."

आता तुमची विनंती. लोक विसरतात, असं तुम्ही म्हणता. ज्यांनी माना डोलवल्या त्या दोन पोरांचा मला प्रश्न आहे. त्यांनी आपल्या हॉलमध्ये ते वाक्य ऐकलं आणि त्याचं उत्तर ऐकलं नाही. ते विसरले तर काय विसरतील? मला विसरतील. वाक्य लक्षात राहील.

माझं मत तुम्ही अजून विचारलेलं नाही. कोणीच नाही. म्हणून लिहिते. आमच्याकडे यंत्र बंद पडलं तर रुग्णाला "तुमचं नशीब" म्हणून घरी पाठवत नाहीत. त्याला त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर नेतात, उपचार चुकू देत नाहीत. पण बिघाड का झाला, कोणी कुठली तपासणी टाळली, ते नावासकट लिहितात, आणि ते लिहून होईपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करत नाहीत. बँकांचं तसं व्हावं. ठेवीदार आणि अनिशसारखी माणसं वाचवावीत, आणि कोणामुळे हे झालं ते लिहावं. सध्या पहिली गोष्ट अर्धी चालली आहे आणि दुसरी अजिबात नाही. दोन्ही उमेदवारांनी तिकडे यावर फार वेळ घेतला नाही. मी तीस तारखेला घेणार आहे.

जे बँकांसाठी म्हणते ते बुलेटिनसाठीही म्हणते. दुरुस्तीचा मजकूर असा असावा:

"१२ ऑक्टोबरच्या चर्चेत रचना रामटेके यांनी चिठ्ठीची बाजू मांडली. ते त्यांचे मत नव्हते. दुसरी फेरी न झाल्याने त्यांचे मत नोंदले गेले नाही. स्वतः काढलेली चिठ्ठी त्यांनी बदलून घेतली होती. हा नियमभंग त्यांचा आहे. लायकीबद्दलचे वाक्य त्यांनी दुसऱ्याकडून ऐकले होते व न विचारता वापरले. त्याबद्दल त्या दिलगीर आहेत. राहिलेली दुसरी फेरी ३० नोव्हेंबरला लंडन येथे परिसंवादाच्या आरंभी होईल."

यात अनिशचं नाव नाही. मजकूर मी त्याला काल संध्याकाळी वाचून दाखवला. त्याने एकच शब्द बदलायला सांगितला. मी "सहकाऱ्याकडून" लिहिलं होतं, त्याने "दुसऱ्याकडून" करायला लावलं. कोणी विचारलं, तर सांगायचं की नाही, ते तो तिथेच ठरवेल. त्याचं नाव यादीतून काढू नका. त्याच्याकडे उत्तरं तयार आहेत आणि ती त्याची आहेत, माझी नाहीत. मला यादीत पहिलं घालू नका. त्याच्यानंतर घाला.

आणि तुमचा नियम जाणार नाही, काका. मी तो मोडला आणि तसं छापून देते आहे, म्हणजे तो अजून आहे.

बुलेटिन मंगळवारी, २५ तारखेला छापायला जातं, असं मिलिंददादांनी सांगितलं. दुरुस्ती छापणार की नाही, आणि दुसरी फेरी घेणार की नाही, हे मला सोमवार, २४ नोव्हेंबरपर्यंत पत्राने कळवा.

तुमची,
रचना